‘असते तर’चे इंग्रजी

(ट्रस्टच्या महोत्सवी वर्षात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन आपले चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा “विषय कोणताही घ्या, पण तासाभराच्या वर जाऊ नका,” एवढीच अट त्यांनी घातली. मी म्हटले, “परीक्षेच्या पेपरांतून सवड दिलीत तर येईन.” ते गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, विषय माझ्याच तोंडून निघून गेला आहे. ‘दिलीत तर येईन’ हे वाक्य पाहा. ‘दिलीत’ हे रूप भूतकाळाचे. सवड दिली होती काय? नाही. अजून द्यावयाची होती. होऊन न गेलेली गोष्ट आपण होऊन गेल्यासारखी बोलतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. आपण मराठी बोलणारी माणसे हे वाक्य रोज दहा वेळा बोलत असू. पण नववीतला मुलगा हेच वाक्य इंग्रजीत लिहू लागला की अडखळतो, आणि मग माझ्यासारख्याची तांबडी शाई खर्ची पडते.

वीस वर्षे मी बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवीत आहे. इतक्या वर्षांत जेथे हटकून चुका होतात अशी जी दोन-चार ठिकाणे मला आढळली, त्यांत ‘इफ’ची वाक्ये अगदी वरच्या जागेवर आहेत. परीक्षेत त्यावर फार तर एखाददुसरा मार्क असतो. तेवढ्यासाठी तासभर बोलण्याचे कारण नव्हते. कारण निराळे आहे, ते ओघात येईल.

आधी मुलाची चूक समजून घेऊ. ‘पाऊस पडला तर रोप लावू’ हे वाक्य त्याला दिले, तर तो लिहितो, ‘इफ इट रेन्ड, वुई विल प्लान्ट.’ आम्ही शिक्षक ते खोडतो आणि ‘इफ इट रेन्स’ लिहितो. मुलगा मनात म्हणतो, मराठीत ‘पडला’ आहे, मग इंग्रजीत ‘रेन्ड’ का नको? त्याचे म्हणणे खोटे नाही. तो इमानाने भाषांतर करीत आहे. आमच्या घरी दखनीत बोलतात, तेथेही ‘पानी पड़ा तो’ असेच म्हणतात. शेजारचा कानडी मुलगा ‘मळे बंदरे’ म्हणतो, त्यातही भूतकाळाचेच अंग आहे. म्हणजे आपल्या गावात कानांवर पडणाऱ्या तिन्ही भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एका बाजूला. होण्याजोगी गोष्ट असेल तर इंग्रजी माणूस ‘तर’च्या अगोदरच्या भागात साधा वर्तमानकाळ घालतो, ‘इफ इट रेन्स’, आणि पुढच्या भागात ‘विल’. काही मुले उलट बाजूने घसरतात, ‘इफ इट विल रेन’ लिहितात; कारण ‘पाऊस पडेल तर’ असेही मराठीत म्हणता येते. या दोन्ही चुका वेंधळेपणाच्या नव्हेत. त्या घरून आलेल्या आहेत. हे एकदा फळ्यावर दोन भाषा शेजारी शेजारी लिहून दाखविले की निम्म्या मुलांची अडचण पंधरा मिनिटांत दूर होते, असा माझा अनुभव आहे. रेन आणि मार्टिनचे व्याकरण कितीही उत्तम असले, तरी ते मराठी मुलासाठी लिहिलेले नाही. आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरविले, तिच्यात हे दोन भाषा शेजारी ठेवणे होते. ती पद्धत आता जुनी म्हणून टाकून दिली आहे. मला त्यात शहाणपण दिसत नाही.

आता दुसरा प्रकार. येथे मी नेहमी आत्याबाईंना बोलावतो. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते.’ ही म्हण वर्गात म्हटली की मागच्या बाकापर्यंत हशा पिकतो आणि मुले जागी होतात. इंग्रजीत काय होईल? ‘इफ आत्याबाई हॅड अ मूस्टॅश, वुई वुड कॉल हर काका.’ लगेच एक हात वर येतो, “सर, ‘हॅड’ म्हणजे होत्या ना? आधी होत्या आणि मग काढल्या काय?” हा प्रश्न ज्या वर्षी कोणी विचारीत नाही, त्या वर्षी वर्ग झोपला आहे असे मी समजतो.

उत्तर असे की, येथे ‘हॅड’ काळ दाखवीत नाही. तो लांबपणा दाखवितो. कालचा दिवस आजपासून लांब असतो. तशीच जी गोष्ट खरी नाही तीही खऱ्यापासून लांब असते. दोन्ही लांबपणांना इंग्रजीने एकच कपडा चढविला आहे. मी फळ्याच्या एका टोकाला ‘आहे’ लिहितो, दुसऱ्या टोकाला ‘नाही’, आणि मधून चालत जाऊन दाखवितो. मुलांना ते चालणे लक्षात राहते. ‘इफ आय वर अ बर्ड’ मध्ये ‘आय’पुढे ‘वर’ का येतो, हाही मुलांचा ठरलेला प्रश्न. जुन्या इंग्रजीत अशा कल्पनेच्या बोलण्यासाठी क्रियापदाची निराळी रूपे होती. ती बहुतेक झिजून गेली, हे एक उरले. बोलताना पुष्कळ इंग्रज माणसेही ‘इफ आय वॉज’ म्हणतात. पेपरात मात्र ‘वर’ लिहावे, वाद घालू नये.

हा प्रकार इंग्रजांनीच काढला असे नव्हे. मराठी व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात. संस्कृतात तर यासाठी स्वतंत्र लकार आहे, लृङ्. व्हावयाची क्रिया घडलीच नाही, याला पाणिनीने क्रियातिपत्ती असे नाव दिले आहे, आणि वैयाकरणांचे ठरलेले उदाहरणही पावसाचेच आहे. चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता, या अर्थाचे. या देशात दुसरे कोणते असणार! कानडीत ‘मळे बंदिद्दरे बेळे बरुत्तित्तु’ म्हणतात, उर्दूत ‘बारिश होती तो फसल अच्छी होती’. लहानपणी मौलवीसाहेबांकडे जे थोडे अरबी शिकलो, त्यात तर यासाठी शब्दच निरनिराळे निघाले. होऊ शकेल किंवा न होईल अशा गोष्टीला ‘इन’, होणारच असे धरलेल्या गोष्टीला ‘इजा’, आणि झालीच नाही किंवा होणारच नाही अशा गोष्टीला ‘लौ’. इंग्रजीत एकच ‘इफ’ आणि मराठीत एकच ‘तर’. तेथे दार कोणते आहे ते पहिल्या शब्दालाच कळते.

या ‘लौ’ची एक आठवण सांगतो. संकट येऊन गेल्यावर ‘मी अमुक केले असते तर तमुक झाले असते’ असे म्हणत बसू नये, हा ‘लौ’ सैतानाच्या कामाला वाट करून देतो, अशा अर्थाची एक हदीस ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात आहे. आमच्या अम्मीला अरबी येत नव्हते, पण ही गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. घरात कोणी “यूँ करते तो यूँ होता” असे सुरू केले की ती हातातले काम न थांबविता म्हणे, “बस, हो गया.” हिंदू घरांतही “आता जर-तर करून काय उपयोग?” असे मोठी माणसे म्हणतातच. तेव्हा मी ज्या घरातून आलो तेथे हे वाक्य बोलायला मनाई होती, आणि पुढे पोटासाठी मला तेच वाक्य शिकवावे लागले. देवाची करणी, दुसरे काय.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो. बी.एड. होऊन मी एका शाळेत मुलाखतीस गेलो होतो. समोर मुख्याध्यापक आणि व्यवस्थापक मंडळी. त्यांनी विचारले, “व्हॉट वुड यू डू इफ यू वर द हेडमास्टर ऑफ धिस स्कूल?” मी ताठ बसून उत्तर दिले, “आय विल स्टॉप लेट-कमिंग. आय विल चेंज द टाइम-टेबल.” प्रत्येक वाक्यात ‘विल’. म्हणजे मुख्याध्यापक समोर खुर्चीत बसले असता मी त्यांच्या जागी रुजूच झालो! एक गृहस्थ हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. ती नोकरी मला मिळाली नाही. केवळ व्याकरणामुळे गेली असे मी म्हणणार नाही. पण ‘वुड’ आणि ‘विल’ यांत काय अंतर आहे ते मला त्या दिवशी बसने परत येताना कळले. पदवीच्या परीक्षेत मी त्यावर पूर्ण मार्क मिळविले होते.

आता सर्वांत अवघड भाग. मराठीत ‘पैसे असते तर पुस्तक घेतले असते’ हे वाक्य दोन ठिकाणी चालते. दुकानासमोर उभे असताना, खिशात हात घालून, आताच्या आता म्हणता येते. आणि गेल्या वर्षीच्या गोष्टीविषयीही म्हणता येते. मराठी ‘असते’ला वेळ विचारीत नाही, आजूबाजूच्या बोलण्यावरून ती कळते. इंग्रजी मात्र दारातच उभी राहून विचारते, केव्हाची गोष्ट? आताची असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय द बुक.’ गेलेली असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट द बुक.’ दोन ‘हॅड’ एकापुढे एक पाहून मुलांना छपाईची चूक वाटते. पहिले वाक्य म्हणते, आज नाहीत, उद्या येऊही शकतील. दुसरे म्हणते, ती वेळ गेली, आता पैसे आले तरी त्या दिवशीचे पुस्तक येत नाही. मराठी मुलाला ही निवड करण्याची सवयच नसते. म्हणून तो बहुतेक वेळा सोपे पडणारे पहिले रूप लिहून मोकळा होतो आणि शिक्षक ते खोडून दुसरे लिहितो.

असेच एक वाक्य मी खोडले, त्याची हकिकत सांगावयाची आहे. ज्याची ती आहे त्या मुलाला विचारून, त्याच्या घरच्यांना विचारून सांगत आहे. नाव सांगणार नाही.

सन २०२२ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. नववीच्या वर्गाला मी गृहपाठ दिला होता, ‘इफ’ची पाच वाक्ये मनाने लिहून आणा. बावन्न वह्या. रात्री जेवणानंतर मी तपासायला बसलो. बहुतेक ठिकाणी पक्षी, पंख, लॉटरी आणि पंतप्रधान. या मुलाची पहिली चार वाक्ये तशीच होती. पाचवे असे होते, ‘इफ द अँब्युलन्स केम इन द नाइट, माय मदर वुड लिव्ह.’ मी ‘केम’ खोडून ‘हॅड कम’ लिहिले, ‘वुड लिव्ह’ खोडून ‘वुड हॅव लिव्ड’ लिहिले, पाचपैकी चार मार्क दिले आणि पुढची वही ओढली. इतकेच. मी ते वाचले होते, पण पाहिले नव्हते. ‘डॉक्टर वेळेवर आले असते तर रोगी वाचला असता’ या छापाची वाक्ये व्याकरणाच्या पुस्तकांत इतकी असतात की त्यांतला रोगी कोणाचा कोणी असू शकतो हे आम्ही विसरूनच गेलेलो असतो.

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या. तो मुलगा टेबलाशी आला. शांत मुलगा, फार बोलणारा नव्हे. त्याने विचारले, “सर, दोन्हींत फरक काय?” मी, जसे आता आपणास सांगितले, तसेच त्याला सांगितले. म्हटले, “तू लिहिलेस त्याचा अर्थ, अजून गाडी आली तर अजून वाचेल. मी लिहिले त्याचा अर्थ, ती वेळ होऊन गेली.” हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असताना मला आठवले की, सन २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्याची आई गेली होती. शाळा तेव्हा बंद होत्या. आम्ही सर्वांनी फोनवर दोन शब्द बोलून समाचार घेतला होता आणि नंतर वर्ग सुरू झाल्यावर कोणी तो विषय काढला नव्हता.

मुलगा थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मग तुमचेच बरोबर आहे, सर.” आणि आमच्या वर्गाचा नियम होता की चुकलेले वाक्य तीन वेळा लिहावे, त्याप्रमाणे तो जागेवर जाऊन ते तीन वेळा लिहू लागला. मी त्याला थांबवू शकलो असतो. थांबविले नाही. का थांबविले नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही. वर्गासमोर गवगवा होईल असे वाटले असेल. किंवा मीच घाबरलो असेन.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील कारखान्यातून नुकतेच आले होते. चहा झाला. बोलण्यासारखे मजजवळ काही नव्हते. निघताना वडील म्हणाले, “त्या रात्रीचं तो आमच्याशी कधी बोलत नाही. तुमच्या वहीत लिहिलं म्हणता?” मी हो म्हटले. त्यांनी वही मागवून घेतली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते. मुलाने त्यांना मराठीत वाचून दाखविले. मराठीत ते एकच वाक्य होते. मी खोडलेले आणि मी लिहिलेले, दोन्हींचे मराठी एकच, ‘गाडी आली असती तर आई वाचली असती.’

अम्मीची हदीस मला त्या वेळी आठवली नाही असे नाही. परंतु जे मूल दीड वर्ष ‘लौ’ मनात धरून बसले आहे त्याला ‘म्हणू नकोस’ असे सांगण्यापेक्षा एकदा म्हणू द्यावे, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते. जाणत्यांनी माझी चूक असेल तर दाखवावी.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. तिसऱ्या प्रकारची, म्हणजे गेलेल्या वेळेची वाक्ये मनाने लिहून आणा असा गृहपाठ देत नाही. तेथे चुकलेली बस आणि हरलेला सामना यांवर भागवितो. आणि मुलाने आपल्या घरचे काही लिहिले असेल, तर तांबड्या शाईच्या अगोदर समासात पेन्सिलीने एक ओळ लिहितो. व्याकरण त्याखाली येते. खाली येते, पण येतेच. चुकीचे ते बरोबर म्हणून सोडत नाही. त्या मुलानेही मला ते सोडू दिले नसते.

आता आपल्या ट्रस्टशी संबंध असलेली एक गोष्ट. शिष्यवृत्तीचे अर्ज येतात ते छाननीपूर्वी भाषेसाठी माझ्याकडे पाठविण्याची चिटणिसांची पद्धत आहे. त्यांत मला एक नवीनच रोग दिसतो. ‘वुड’ हा शब्द नम्र आहे असे मुलांना कोणीतरी सांगितलेले असते. ते खरेही आहे. ‘आय वुड बी ग्रेटफुल’ हे उत्तम. पण मुले मग ‘वुड’ मिठासारखा सगळीकडे टाकतात. ‘इफ आय वुड गेट द स्कॉलरशिप, आय वुड स्टडी.’ वाचणाऱ्याला वाटते, या मुलाला शिष्यवृत्ती मिळण्याची आशाच दिसत नाही, आत्याबाईच्या मिशांइतकीच ती लांबची वाटते. पालकांना माझी विनंती आहे, अर्ज मुलांकडून लिहून घेताना एवढे तरी पाहा. जे होण्याजोगे आहे ते होण्याजोगे म्हणून लिहावे, ‘इफ आय गेट द स्कॉलरशिप, आय विल जॉइन द कोर्स.’ यात उर्मटपणा काही नाही.

आणखी एक प्रकार पोरांसाठी नव्हे, थोरांसाठी. ‘इफ आय हॅड स्टडीड देन, आय वुड बी अ क्लार्क नाऊ.’ तेव्हा शिकलो असतो तर आज कारकून असतो. पहिला भाग गेलेला, दुसरा आजचा. पुस्तके याला मिश्र प्रकार म्हणतात आणि शाळेत तो क्वचितच शिकवितात. मुलांना त्याची गरज पडत नाही, त्यांचे ‘तेव्हा’ अजून चालू आहे. येथे बसलेल्या पालकांपैकी पुष्कळांना मात्र हे वाक्य मराठीत तोंडपाठ असेल.

तो मुलगा २०२४ साली दहावी झाला. डिप्लोमासाठी त्याने आपल्याकडे अर्ज केला, आणि तो इतर अर्जांबरोबर माझ्या टेबलावर आला. मी नाव पाहिले आणि अर्ज बाजूला ठेवून आधी बाकीचे तपासले. मग त्याचा घेतला. ‘इफ आय अॅम सिलेक्टेड, आय विल जॉइन द पॉलिटेक्निक. इफ आय हॅड नॉट रिसीव्ह्ड बुक्स फ्रॉम द बुक बँक, आय वुड नॉट हॅव पास्ड.’ दोन्ही रूपे जागच्या जागी. पेन हातात होते, ते टोपण लावून ठेवले.

माझा तास संपत आला. चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. फळा आणि खडू मी मागवून ठेवले आहेत. ज्या मुलांना वाक्ये विचारावयाची असतील त्यांनी पुढे यावे, आणि पालकांपैकी कोणाला यायचे असेल तर त्यांनीही संकोच करू नये.